आईचं मशीन आणि बारशाची तीन झबली

पाचवी पुजली त्याच दिवशी संध्याकाळी शेजारच्या बिल्डिंगमधली मुलगी माझ्याकडे आली. हातात पिशवी, पिशवीत आजीचं जुनं सुती लुगडं, आणि मुठीत सुपारीएवढा दोऱ्याचा गोळा. मशीनच्या पोटातून कात्रीने कापून काढलेला. म्हणाली, काकू हे बघा ना, चार टाके घातले की खाली हे असं होतंय आणि कापड आतच ओढून घेतंय.

हिला भाचा झालेला. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे हातात एक आठवडा. आत्या म्हणून तिने घरात जाहीर करून टाकलेलं की तीन झबली, एक टोपडं आणि एक दुपटं मी स्वतः शिवणार, तेही पणजीच्या लुगड्याचं. आता कोणी विचारेल की मग आधी का नाही शिवलं, तर आपल्याकडे बऱ्याच घरांत बाळ येण्याआधी त्याचं काही आणत-शिवत नाहीत, त्यांच्याकडेही नाही, त्यामुळे सगळी धावपळ नंतरच. आपण हिला इथे आत्याच म्हणू.

मशीन तिच्या आईचं, लग्नात मिळालेलं, काळं, सोनेरी फुलांचं पायमशीन. जवळजवळ पंधरा वर्षं झाकून ठेवलेलं, वर इस्त्रीचे कपडे. माझ्याकडे यायच्या आधी आत्याने काय काय केलेलं ते तिने प्रामाणिकपणे सांगितलं आणि ते महत्त्वाचं आहे, कारण अर्धी डोकेदुखी तिथेच वाढलेली. वरचं टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण कमी-जास्त करायची चकती, पूर्ण घट्ट केलं, मग पूर्ण सैल केलं. गुंता खाली होतोय म्हणजे चूक खालीच असणार म्हणून बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ (बॉबिन) जिच्यात बसतं त्या डबीचा, बारीक स्क्रू फिरवला, किती फिरवला ते आठवत नाही. एका रिपेअरवाल्याला बोलावलं, त्याने चाक दोनदा फिरवून शटल (खाली दोऱ्याचा फास पकडणारा भाग) बदलावं लागेल, बाराशे होतील असं सांगितलं. बाराशे रुपयांना नाही म्हणायची अक्कल तिला आली तेवढं बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेले. आधी म्हटलं मला शिवून दाखव. वर पांढरा दोरा होता, खाली बॉबिनमध्येही पांढराच. अशाने काही कळत नाही. मी बॉबिन निळ्या दोऱ्याची भरायला लावली, वर पांढरा तसाच ठेवला आणि चिंधीवर सहा-सात टाके घातले. कापड उलटं केलं. खाली जो झिपऱ्यांचा पुंजका झालेला तो सगळा पांढरा, म्हणजे वरच्या दोऱ्याचा, आणि निळा दोरा त्यातून बिचारा सरळ रेषेत गेलेला, ओढला तर सर्रकन निघून आला.

इथेच निम्मं प्रकरण उलगडलं. खालचा दोरा आपलं काम नीट करतोय आणि वरचा मोकाट सुटलाय. मशीनचा टाका म्हणजे दोन दोऱ्यांची रस्सीखेच असते, दोघांनी सारखं ओढलं तर त्यांची गाठ कापडाच्या मधोमध बसते आणि वरून-खालून काहीच दिसत नाही. वरच्याने ओढणं सोडलं की खालचा त्याला खाली ओढून नेतो आणि तिकडे त्याचे फास साठत जातात. म्हणून गुंता खाली दिसतो पण चूक वर असते. मी माझ्या शिवणक्लासमध्ये हे इतक्यांदा सांगते तरी नव्वद टक्के पोरी पहिला हात बॉबिनलाच घालतात, ते साहजिकही आहे म्हणा, जिथे दुखतं तिथेच हात जातो.

आत्याला यावर एक चांगला प्रश्न पडला. हाताच्या सुईला एकच दोरा पुरतो मग मशीनला दोन कशाला? कारण हाताची सुई आपण कापडातून आरपार काढतो, सोडतो, पलीकडून धरतो. मशीनची सुई वरून घट्ट पकडलेली, ती आरपार जाऊच शकत नाही, म्हणून तिचं नेढं शेपटाला नसून टोकाशी असतं. ती दोरा घेऊन खाली जाते, परत वर निघते तेव्हा दोऱ्याचा एक छोटा फास मागे राहतो, शटलचं टोक तो फास पकडतं आणि बॉबिनच्या भोवती फिरवून आणतं. झालं, दोन दोरे एकमेकांत अडकले. टोकाशी नेढं असलेली सुई आणि शटल एकत्र वापरणारं मशीन इलियास होव नावाच्या अमेरिकन माणसाने १८४६ मध्ये पेटंट केलं, सिंगरचं पेटंट त्यानंतर, १८५१ चं. गांधीजी यंत्रांच्या विरोधात असं आपण शाळेत शिकलो पण १९२४ मधल्या एका संवादात त्यांनी शिवणयंत्राला चक्क अपवाद ठरवलेलं, सिंगरने बायकोचे कष्ट बघून प्रेमापोटी हे यंत्र केलं असं ते म्हणाले होते. खऱ्या सिंगरच्या संसाराची कथा वाचलीत तर प्रेमापोटी हा शब्द जरा जड जाईल, पण ते असो.

तर वरचा दोरा का सुटलाय? टेन्शनला हात लावायच्या आधी मी चाक फिरवून बघितलं आणि ते इतकं जड की पायाने मशीन चालवणं म्हणजे व्यायामच. तेल कुठलं घातलंस? आत्या आईकडे बघायला लागली. आई म्हणाली, तेव्हा मशीनचं तेल संपलेलं म्हणून थोडं खोबरेल घातलं होतं. जानेवारीचा महिना, खोबरेल चोवीस-पंचवीस डिग्रीच्या खाली गोठतं, आणि पंधरा वर्षांत त्यात धूळ आणि कापडाचा भुसा बसून चिकट पिवळा थर झालेला. सुईखालची पट्टी स्क्रू काढून उघडली तर कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधल्या खाचांत भुशाची अक्षरशः गादी, पिन घालून काढली तर एका तुकड्यात निघाली. मग जुन्या टूथब्रशने साफसफाई, सांध्यांत थोडं रॉकेल टाकून दहा मिनिटं रिकामंच चालवलं, काळं पाणी बाहेर आलं ते पुसलं, पूर्ण कोरडं झाल्यावर मशीनचं तेल, एका भोकात एक थेंब, जास्त नाही. (हे पायमशीन होतं म्हणून रॉकेल वापरलं. मोटरच्या मशीनला असलं काही करू नका आणि पायमशीनलाही खिडकी उघडी ठेवून, देवापुढचा दिवा लांब ठेवूनच करा.) चाक हलकं झालं, आवाज बदलला. आत्याची आई तिथेच उभी होती, आवाज ऐकून म्हणाली हां, असंच वाजायचं.

गुंता मात्र तसाच.

सुई काढली. सोळा नंबरची, टोक नखावर ओढलं तर ओरखडा उठला, म्हणजे बोथट. सोळा नंबर जाड कापडाला ठीक, मलमलीसारख्या लुगड्याला ती म्हणजे खिळा. अकरा नंबर आणायला लावली, पाकिटावर ७५/११ लिहिलेलं असतं, ७५ म्हणजे सुईची जाडी पाऊण मिलिमीटर. दुकानात घरच्या मशीनची सुई असं स्पष्ट सांगायचं, तिची वरची दांडी एका बाजूने चपटी असते. कारखान्यातल्या मशीनच्या गोल दांडीच्या सुयाही त्याच काउंटरवर मिळतात, त्या घरच्या मशीनला लावल्या की शटलचं टोक आणि सुई यांच्यातलं अंतरच चुकतं आणि टाके सुटायला लागतात. बसवताना चपटी बाजू शटलकडे, आणि जिकडून दोरा ओवायचा तिकडे सुईची लांब खाच. आणि वर टेकेपर्यंत आत सारायची, मगच स्क्रू आवळायचा.

दोरा आईच्या डब्यातला, जुना सुती. वीतभर घेऊन झटका दिला तर पट्कन तुटला, सुती दोरा जुना झाला की कुजतो. तो बाजूला ठेवला. आत्याने नवीन रीळ आणलं तेव्हा तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की काकू एकेक वस्तू बदलायला लावतायत आणि गुंत्याचं काही बोलत नाहीत.

आता टेन्शन. इथे एक साधी परीक्षा आहे. कापड दाबून धरणारा फूट वर करून सुईजवळचा दोरा ओढायचा, तो आरामात यायला हवा. मग फूट खाली सोडून ओढायचा, आता तो अडायला हवा, इतका की सुई जरा वाकल्यासारखी होते. बहुतेक मशीनमध्ये फूट वर असताना टेन्शनच्या दोन चकत्या उघड्या असतात आणि खाली आला की मिटतात, म्हणून दोरा नेहमी फूट वर ठेवूनच ओवायचा, नाहीतर तो चकत्यांच्या मध्ये न शिरता वरूनच निसटून जातो. मी म्हटलं हिने फूट खाली ठेवून ओवलाय की काय. तर नाही, बरोबर ओवलेला, दोरा वर-खाली नेणाऱ्या हाताच्या भोकातूनही नीट गेलेला. पण फूट खाली असतानाही दोरा तितकाच सैल येत होता. मग चकत्या मिटतच नसणार!

मलमलीची एक पट्टी दुमडून चकत्यांच्या मध्ये घातली आणि दात साफ करतो तशी खालीवर ओढली. पहिल्यांदा करडा भुसा आला. दुसऱ्यांदा त्या भुशात गुंडाळलेला, तांदळाच्या दाण्याएवढा लाल दोऱ्याचा तुकडा. पंधरा वर्षांपूर्वी दोरा तुटला असेल तेव्हा तेवढा तुकडा आत राहिला आणि त्याने दोन चकत्या केसभर उघड्या ठेवल्या. लाल दोरा शेवटचा कशाला वापरला ते आईलाही आठवेना, गॅदरिंगचा फ्रॉक असेल म्हणाली, मग म्हणाली नाही, तो पिवळा होता.

परत परीक्षा केली, दोरा अडला.

तरी काम संपलं नव्हतं कारण बॉबिन केसचा स्क्रू आत्याने फिरवून ठेवलेला. बॉबिन भरून केसमध्ये घातली, दोरा चिरेत घालून पत्तीखालून बाहेर काढला आणि केस नुसत्या दोऱ्यावर लटकवली. ती सटकन खाली आली, म्हणजे स्क्रू फारच सैल. पाव फेरा आवळला, परत लटकवली. हवं असतं ते असं की केस लटकून राहावी आणि हाताला हलका झटका दिला की दोन-तीन बोटं खाली सरकून परत थांबावी. चौथ्या वेळेला तसं झालं. मग निळा-पांढरा दोरा घेऊन चिंधीवर टीप, वरून नुसता पांढरा, खालून नुसता निळा. शटल होतं तेच आहे, बाराशे रुपये वाचले.

इथे मला वाटलेलं की आपलं काम झालं, पण त्याच दुपारी आत्याचा फोन. चिंधी चांगली शिवली, लुगडं मात्र सुरुवातीलाच मशीन खातंय. चिंधी जाड पॉपलिनची होती, चूक माझी. चाळीस वर्षं धुतलेलं लुगडं पातळ आणि लुळं असतं, टीपेच्या पहिल्या टाक्याला सुई ते भोकात ढकलते. उपाय दोन, सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं हाताने मागे धरून ठेवायची आणि कापडाखाली पातळ कागद घ्यायचा, टीप झाल्यावर फाडून टाकायचा. मी कागद म्हटलं, तिने वर्तमानपत्र घेतलं, पहिल्या झबल्याच्या कडेला शाईचा करडा डाग पडला. नंतर बटर पेपर वापरला. टाका बारीक, एका इंचात बारा.

लुगड्यातलं कापड निवडायला आजी बसली. उजेडासमोर धरत धरत नऊ वार बघितले, काष्ट्याचा आणि गुडघ्याचा भाग चाळणीसारखा विरलेला, तो दुपट्याच्या आत घालायला ठेवला, आणि पदराकडचा भाग झबल्यांना.

आता खरा वाद. आजीचं म्हणणं, तान्ह्या बाळाच्या झबल्याची शिवण बाहेर असते, आत असली तर टोचते. आत्याचं म्हणणं, बारशात फोटो काढणार, उलटं घातलंय असं दिसेल. दोघीही बरोबर होत्या. मी चपटी शिवण सांगितली. कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावायच्या, अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, सोडून मशीनने टीप घालायची, म्हणजे माया बाहेरच्या बाजूला येते. मग एका बाजूची माया निम्मी कापायची, दुसरी तिच्यावर दुमडून चपटी बसवायची, इस्त्री करायची आणि हाताने हेम घालायचं. आतून बाळाच्या अंगाला फक्त टीपेची एक रेघ लागते, बाहेरून मुद्दाम लावलेल्या पट्टीसारखं दिसतं. टीप मशीनची कारण ती ताण घेते, हेम हाताचं कारण मशीनची दुसरी टीप इतक्या पातळ कापडाला ताठ करते.

हेम आत्याला येत नव्हतं, येतं असं वाटत मात्र होतं. तिने पहिला टाका घातला तो दुमडीतून आरपार, पलीकडे चांगला मोठा ठिपका. मी तिच्या हातातली सुई थांबवली. दुमडीच्या कडेतून सुई बाहेर काढ, तिच्या अगदी समोर खालच्या कापडाचे एक किंवा दोन धागे उचल, दोनच, आणि परत दुमडीत आत जा, आतल्या आत तांदूळभर पुढे सरक. दोरा ओढ पण आवळू नको, आवळला की कापडाला खळी पडते. दहा टाक्यांनंतर उलट बाजूने ठिपके शोधावे लागायला लागले तेव्हा ती जरा हसली. दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत आणि वर थोडा, एवढाच घ्यायचा, जास्त घेतला की पीळ पडून गाठी होतात. गाठ दुमडीच्या आत लपवायची, बाळाला गाठसुद्धा टोचते.

त्याआधी कच्चा दोरा. याचा आत्याला कंटाळा, टाचण्या लावल्यात ना म्हणाली. मी टाचण्या सगळ्या काढायला लावल्या, बाळाच्या कपड्यात एक टाचणी राहिली तर? अर्ध्या-अर्ध्या इंचाचा धावदोरा, हिरव्या दोऱ्याने, म्हणजे शेवटी उसवताना दिसतो. पातळ कापड मशीनच्या दात्यांवर वरचं एकीकडे आणि खालचं एकीकडे सरकतं, कच्चा दोरा घातला की सरकत नाही. गळ्याला तिरक्या कापडाची सव्वा इंची पट्टी, सरळ कापडाची पट्टी गोलाईवर बसत नाही, चुण्या पडतात.

झबली पुढून उघडी, बंदांची. छाती गोल वीस इंच, लांबी अकरा. बटणं, टिकल्या, मोती काही नाही, ते तोंडात जातं. बंद सहा इंचाचेच, लांब नको, आणि गळ्यापाशी नाही तर छातीला आणि पोटाला. टोपड्याला हनुवटीखाली बंद लागतोच, ते फोटोपुरतं घाला आणि झोपवताना काढा असं मी बाळाच्या आईलाही सांगून ठेवलं. हे बंद जोडायला मशीन नको म्हटलं, एवढ्याशा जागेत फूट फिरवता येत नाही. उलट टीप, म्हणजे बखिया. सुई एक टाका पुढे काढायची, मागे आधीच्या टाक्याला लागून टोचायची, परत एक टाका पुढे काढायची. वरून मशीनच्या टीपेसारखं दिसतं, ओढलं तरी सुटत नाही. दिवसातून दहा वेळा लंगोट बदलताना हेच बंद ओढले जाणार.

दुपटं आजीने ताब्यात घेतलं, त्याला मशीन लावायचंच नाही म्हणाली. तीन पदर, विरलेला भाग मध्ये, कडेपासून आत आत चौकोन करत धावदोरा, गोधडीला घालतात तसाच. आत्या एका बाजूने, आजी दुसऱ्या बाजूने. आजीचे टाके ज्वारीच्या दाण्याएवढे, आत्याचे शेंगदाण्याएवढे, दोन्ही बाजू आजही ओळखू येतात.

बारसं झालं, शाईच्या डागाचं झबलं तेही घातलं, डाग दोन धुण्यांत गेला. मी मुद्दाम तीन आठवड्यांनी सगळे कपडे बघायला मागितले, कारण नवीन असताना सगळंच चांगलं दिसतं. मशीनची एकही टीप सुटली नव्हती. बंद सगळे शाबूत. हेम दोन झबल्यांत जागेवर, तिसऱ्यात काखेत उसवलेलं, साधारण दीड इंच. बघितलं तर तिथे टाके लांब लांब. बाही अंगातच कापलेली असल्यामुळे काखेत गोलाई येते, गोलाईवर ती दुमडलेली माया ताणून बसत नाही, आत्याने घाईत ती कशीबशी दाबून चार टाक्यांत भागवलेलं.

आजी पलंगावरून म्हणाली, चौबगला घालायचा होता. काखेत चौकोनी तुकडा घातला की कापड सरळ राहतं, हात वर केला तरी ओढ बसत नाही, जुन्या बंड्यांना असायचाच. मला माहीत होतं, घाईत मलाच सुचलं नाही. आत्या भाच्याला मांडीवर घेऊन बसलेली, तिने तो माझ्याकडे दिला, सुईत दोरा ओवला, काखेतली उसवलेली दुमड परत बसवली आणि दोन-दोन धागे उचलत पाच मिनिटांत हेम घातलं. मग लुगड्याचा उरलेला तुकडा काढून आजीपुढे पसरला, चौबगला केवढा कापायचा विचारायला.